रयतेचा वाली कोण?

जामखेडचे नाव साता समुद्रांपलीकडे गेले ते डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यामुळे. १९७० साली त्यांनी येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले, खेड्यातल्या निरक्षर स्त्रीच्या हाती आरोग्याची किल्ली दिली, आणि १९७९ साली मॅगसेसे पुरस्काराने त्या कार्याचा गौरव झाला. या कीर्तीचा अभिमान आम्हां नगरकरांना आहेच. परंतु या तालुक्याची आणखी एक ओळख आहे, आणि तिच्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. जामखेड हा सीमेवरचा तालुका. आष्टी, पाटोदा, भूम, परांडा हे आजचे शेजारी १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होते. ती सीमा डोंगराने वा नदीने आखलेली नव्हती; ती शेताशिवारांतून, सोयऱ्याधायऱ्यांच्या घरांमधून गेलेली होती. अशा सीमेवर राहणाऱ्या माणसाला युद्ध म्हणजे काय, हे ग्रंथ वाचून शिकावे लागत नाही.

याच तालुक्यातील खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांच्यात लढाई झाली. सवाई माधवरावांच्या नावाने सारे मराठे सरदार एका झेंड्याखाली जमल्याचा तो अखेरचा प्रसंग, असे आपण शाळेत शिकलो. परशुरामभाऊ पटवर्धनांचे सेनापतित्व, नाना फडणविसांचे राजकारण, खर्ड्याच्या किल्ल्यात कोंडला गेलेला निजाम अली, हे सर्व पाठ्यपुस्तकात होते. एक गोष्ट मात्र त्या धड्यात नव्हती. दोन्ही बाजूंच्या त्या अफाट सैन्यांनी, त्यांच्या घोड्यांनी, बैलांनी आणि मागून येणाऱ्या बुणग्यांनी खाल्ले काय? ते कोणाच्या शेतातून आले? ऐन सुगीच्या मार्च महिन्यात त्या परिसरातील कुणब्याच्या खळ्यात काय उरले असेल, याचा हिशेब कोणत्या बखरकाराने मांडला आहे? पुढे आठ-नऊ वर्षांतच, १८०३-०४ साली, नगर जिल्ह्यात भीषण दुष्काळ पडला. त्यामागे पाऊस जितका होता, तितकीच होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या फौजांनी केलेली धूळधाणही होती. युद्धात मेलेल्यांची गणना करताना या भुकेल्यांना कोणी मोजत नाही.

आमचे म्हणणे येथूनच सुरू होते. युद्धाचा इतिहास हा लढणाऱ्यांचा इतिहास आहे. न लढणाऱ्यांचा इतिहास अद्याप लिहिला जावयाचा आहे. आणि ज्यांचा इतिहास नाही, त्यांचा कायदाही दुबळा राहतो.

एका शब्दाची अडचण

ज्याने हाती शस्त्र घेतलेले नाही, जो सैन्यात नाही, अशा मनुष्यासाठी मराठीत आपण सरसकट 'नागरिक' हा शब्द योजतो. वर्तमानपत्रे लिहितात, 'हल्ल्यात दहा नागरिक ठार'. हा शब्द फसवा आहे. नागरिक म्हणजे एखाद्या राष्ट्राचा सभासद. सैनिकही नागरिकच असतो. उलट, युद्धकाळी ज्याला संरक्षणाची सर्वाधिक निकड असते तो पुष्कळदा ज्या सत्तेच्या कचाट्यात सापडला आहे तिचा नागरिक नसतो, हेच तर त्याचे दुर्दैव असते. 'मुलकी' हा जुना शब्द अधिक नेमका. मुलकी खाते, मुलकी पाटील आपल्याला परिचित आहेत. पण सीमेपलीकडे हैदराबाद संस्थानात 'मुलकी' म्हणजे त्या राज्याचा मूळ रहिवासी. एकाच शब्दाचे सीमेच्या दोन बाजूंना दोन अर्थ! आम्हांस त्याहून जुना 'रयत' हा शब्द जवळचा वाटतो. शिवछत्रपतींनी चिपळूणच्या छावणीतील आपल्या अंमलदारांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. लष्कराने रयतेस त्रास देऊ नये, लागेल ते बाजारातून विकत घ्यावे, असा त्याचा आशय. जिनिव्हाचा पहिला करार झाला १८६४ साली. हे पत्र त्यापूर्वी सुमारे दोनशे वर्षे लिहिलेले. तेव्हा युद्धातही रयतेला हात लावू नये ही कल्पना परदेशातून आयात केलेली आहे, असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या घरचे दप्तर उघडून पाहावे.

नगरच्या छावणीतील धर्मगुरू

नगर जिल्ह्यातील कॅथलिक कुटुंबांना या विषयाशी आपला काय संबंध, असे विचारण्याची सोय नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जिल्ह्यात ज्यांनी आपल्या पूर्वजांना शुभवर्तमान सांगितले, शाळा काढल्या, दुष्काळात धान्य वाटले, ते बहुतेक जर्मन येशूसंघीय होते. १९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळ येथून 'निरोप्या' सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग हे त्यांपैकीच एक. पुढे ते पुण्याचे महागुरू झाले. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि एका रात्रीत ही सारी माणसे 'शत्रूची प्रजा' ठरली. त्यांनी बंदूक उचलली नव्हती, हेरगिरी केली नव्हती. त्यांचा अपराध एवढाच की त्यांचा जन्म जर्मनीत झाला होता. अहमदनगर येथे युद्धकैद्यांबरोबर अशा निःशस्त्र परकीयांसाठी मोठी छावणी उघडण्यात आली. बायकामुलांना बेळगावला ठेवण्यात आले. जर्मन मिशनऱ्यांपैकी बहुतेकांना १९१५-१६ साली 'गोलकोंडा' जहाजातून परत पाठविण्यात आले, त्यांत येशूसंघीयही होते. ज्या जिल्ह्यात त्यांनी सेवा केली, त्याच जिल्ह्याचे नाव त्यांच्या छावणीला लाभले! महागुरू डोरिंग यांना युद्धानंतरही कित्येक वर्षे पुण्यात परतता आले नाही. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ साली ते पुण्यास आले. ज्या नगरात त्यांनी मेंढपाळाचे काम केले, त्या हिरोशिमाचे ६ ऑगस्ट १९४५ रोजी काय झाले, हे सांगावयास नको.

त्या धर्मगुरूंना कोणता कायदा लागू होता? उत्तर धक्का देणारे आहे: जवळपास कोणताच नाही. जखमी सैनिकासाठी करार होता, युद्धकैद्यासाठी नियम होते, जिंकलेल्या प्रदेशातील लोकांसाठी १९०७ च्या हेग नियमांत थोडी कलमे होती. परंतु शत्रुराष्ट्रात जन्मल्यामुळे अडकून पडलेल्या साध्या मनुष्यासाठी काहीच नव्हते. १९३४ साली टोकियो येथे रेडक्रॉसच्या परिषदेत असा एक मसुदा तयार झाला. त्यावर विचार करण्यासाठी सरकारांची परिषद १९४० साली भरावयाची होती. ती भरण्यापूर्वी दुसरे महायुद्ध सुरू झाले. कायदा तयार होता, सही राहिली होती. मधल्या काळात कोट्यवधी निःशस्त्र माणसे मेली. सही लांबणीवर टाकणे म्हणजे नेमके काय, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे त्यांनी या घटनेचे मनन करावे.

१२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हाचा चौथा करार झाला तो या प्रेतांच्या राशीवर. त्यातील १५९ कलमे केवळ निःशस्त्र जनतेसाठी आहेत. एकाच्या अपराधाबद्दल साऱ्या गावाला शिक्षा करू नये, ओलीस धरू नये, जिंकलेल्या प्रदेशातून लोकांना हुसकावून लावू नये. सुरक्षेसाठी अगदी अपरिहार्य असेल तरच परकीयाला स्थानबद्ध करावे, आणि त्या निर्णयाची न्यायालयाने वा मंडळाने वेळोवेळी फेरतपासणी करावी. भारताने १९५० साली हा करार मान्य केला आणि १९६० साली त्यासाठी संसदेने स्वतंत्र कायदाही केला. येथवर सारे ठीक आहे, असे वाचकांना वाटेल. आमची तक्रार यापुढे आहे.

युद्धाला युद्ध न म्हटल्याने

सप्टेंबर १९४८ कडे पुन्हा वळू. निजामाच्या राज्यात कासीम रझवीच्या रझाकारांनी निःशस्त्र प्रजेवर जे अत्याचार केले, त्यांबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी त्याच वर्षी मे महिन्यात झालेले हत्याकांड मराठवाडा विसरलेला नाही. सीमेपलीकडून घरदार सोडून पळून आलेल्या कुटुंबांना सोलापूर-नगरकडच्या गावांनी आसरा दिला. १३ सप्टेंबर रोजी भारतीय सैन्य हैदराबादेत शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि मराठवाडा मुक्त झाला. ही मुक्ती न्याय्य होती. तिच्यासाठी लढलेल्यांपुढे आम्ही नतमस्तक आहोत.

परंतु मुक्तीनंतरच्या आठवड्यांत काय झाले? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी या त्रिसदस्य मंडळाला भारत सरकारनेच त्या वर्षाअखेर पाहणीसाठी धाडले होते. या मंडळाने अत्यंत सावध अंदाज म्हणून मृतांचा आकडा दिला तो २७,००० ते ४०,००० असा. हे मृत बव्हंशी निःशस्त्र मुसलमान रयत होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली, आणि भूम-परांडा हे उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. याच अहवालात आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. सरकारने तो अहवाल प्रसिद्ध केला नाही. २०१३ साली दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो अभ्यासकांस पाहावयास मिळू लागला; म्हणजे तब्बल पासष्ट वर्षांनी!

त्या मोहिमेला सरकारने नाव दिले 'पोलीस कारवाई'. रणगाडे, विमाने आणि मेजर जनरल असलेल्या मोहिमेला पोलीस कारवाई म्हणण्यात मुत्सद्देगिरी होती, हे आम्हांस कळते. हैदराबादचा प्रश्न तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेलेला होता. परंतु नाव बदलल्याने मरणाऱ्याचे मरण बदलत नाही. बदलते ते एवढेच, की त्याच्या मरणाचा जाब विचारण्याचे व्यासपीठ नाहीसे होते. युद्ध नव्हते, म्हणून युद्धाचे नियम नव्हते. नियम नव्हते, म्हणून भंग नव्हता. भंग नव्हता, म्हणून अपराधी नव्हता. मग ते हजारो लोक मेले कशाने?

आजही या कायद्याचे मर्मस्थान तेच आहे. चौथ्या कराराचे पूर्ण संरक्षण मिळते ते राष्ट्राराष्ट्रांच्या युद्धात, आणि तेही दुसऱ्या राष्ट्राच्या प्रजेला. देशांतर्गत सशस्त्र संघर्षात सापडलेल्या स्वदेशीय रयतेच्या वाट्याला येते ते केवळ तिसरे कलम. त्यात ठार मारू नये, ओलीस धरू नये, विटंबना करू नये, न्यायालयाविना शिक्षा देऊ नये, जखमींची शुश्रूषा करावी, एवढे सांगितले आहे. ही उणीव भरून काढण्यासाठी ८ जून १९७७ रोजी दोन पूरक करार झाले. पहिल्याने सैनिकी लक्ष्य आणि मुलकी वस्ती यांत भेद न करणाऱ्या हल्ल्यांस स्पष्ट बंदी घातली. दुसऱ्याने देशांतर्गत संघर्षातील रयतेला संरक्षण दिले. जगातील बहुसंख्य राष्ट्रांनी ते स्वीकारले. पवित्र पीठाने १९८५ साली स्वीकारले. भारताने ते अद्याप स्वीकारलेले नाहीत. या बाबतीत पाकिस्तान, इस्रायल आणि अमेरिका यांच्या पंक्तीस आपण बसलो आहोत. ही पंगत आपल्याला शोभते काय?

दार आहे, पण कडी आतून

बरे, जो कायदा आपण केला तो तरी रयतेच्या हाती आहे काय? १९६० च्या कायद्याचे सतरावे कलम म्हणते, या कायद्याखालील अपराधाची दखल न्यायालयाने घ्यावी ती सरकारच्या अथवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरूनच. ज्याचा मुलगा गेला त्याला फिर्याद करता येत नाही. जिच्या घरावर तोफगोळा पडला तिला करता येत नाही. ज्या सत्तेविरुद्ध कदाचित तक्रार करावयाची, तिचीच परवानगी आधी मागावयाची!

हा आमचा तर्क नव्हे. गोव्यातील एका कॅथलिक धर्मगुरूंनी हे दार ठोठावून पाहिले होते. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मॉन्सिन्योर मोंतैरो यांनी पोर्तुगीज नागरिकत्व कायम ठेवले. निवासाचा परवाना १९६४ च्या नोव्हेंबरात संपल्यावर त्यांना देश सोडण्याचा हुकूम झाला. त्यांनी तो मानला नाही आणि त्यांच्यावर खटला झाला. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी जिनिव्हा कराराचा आधार घेतला. २६ मार्च १९६९ रोजी सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. गोवा भारतात विलीन झाल्यामुळे लष्करी ताबा संपला आणि म्हणून कराराचे ते संरक्षण उरले नाही, हा त्यातील एक भाग. आणि १९६० चा कायदा कोणासही न्यायालयात दाद मागण्याचा स्वतंत्र हक्क देत नाही, हा दुसरा. गोव्याच्या मुक्तीविषयी आमच्या मनात किंतु नाही, आणि मॉन्सिन्योरांची बाजू घेऊन पोर्तुगीज राजवटीचे गोडवे गाण्याची आम्हांस हौस नाही. पहिला मुद्दा वादासाठी मान्य करू. दुसरा मात्र प्रत्येक भारतीयाने ध्यानात ठेवावा असा आहे. कायदा आहे, पण ज्याच्यासाठी आहे त्याला तो मागता येत नाही.

हे केवळ जुन्या निकालापुरते नाही. १९८४ च्या शीख हत्याकांडाच्या एका खटल्यात १७ डिसेंबर २०१८ रोजी निकाल देताना दिल्ली उच्च न्यायालयाने खंत व्यक्त केली की वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे आपल्या देशी कायद्यात समाविष्टच नाहीत. त्यानंतर देशाने फौजदारी कायद्याची संपूर्ण पुनर्रचना केली; १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. ती उणीव मात्र तशीच राहिली. संधी समोर असताना ती दवडली गेली.

तीन आक्षेप आणि त्यांची उत्तरे

आमचे काही धर्मबंधू म्हणतात, असल्या करारांनी आपल्या सैन्याचे हात बांधले जातील. आम्ही विचारतो, कोणत्या कृत्यापासून बांधले जातील? निःशस्त्र स्त्रीला मारण्यापासून? आपले सैन्य शिस्तीचे आहे असे आपण अभिमानाने सांगतो. मग जे ते आचरणात आणतेच, त्यावर सही करण्यास भय कसले? शिवरायांनी आपल्या अंमलदारांना लिहिलेल्या पत्राने मराठी सैन्य दुबळे झाले असे कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकले नाही.

दुसरे म्हणतात, दहशतवादी कोठे कायदा पाळतात? खरे आहे. पण राज्यसंस्था आणि दहशतवादी यांत भेद राहतो तो याच एका गोष्टीने. ७ मे २०२५ रोजी पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात पूंछ येथे आपल्याच धर्मबंधूंच्या ख्राइस्ट स्कूलच्या मागे गोळा पडला. त्या शाळेची दोन मुले मरण पावली. त्या वेळी आपण साऱ्यांनी म्हटले, हा अन्याय आहे, हे नियमाविरुद्ध आहे. ज्या नियमाचा आधार दुसऱ्याविरुद्ध घ्यावयाचा, तो स्वतःवर बांधून घ्यावयाचा नाही, ही नीती कोणत्या धर्मात बसते?

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे सारे कागद आहेत, १७ जुलै २०२५ रोजी गाझातील पवित्र कुटुंबाच्या चर्चवर मारा होऊन तिघे मरण पावले, तेव्हा कोणता करार आडवा आला? आम्ही नम्रपणे सांगतो, कागदाने गोळा अडत नाही. पण कागद नसेल तर तो गोळा अपराध ठरत नाही, केवळ अपघात ठरतो. अपराधाला अपराध म्हणता येणे ही न्यायाची पहिली पायरी होय. आणि निःशस्त्रांचे रक्षण शक्य असते याची साक्ष आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेल्या सुमारे ५,००० पोलिश कॅथलिकांना, बहुतांशी स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे आसरा मिळाला. त्यांना वाचविणाऱ्यांनी त्यांचा धर्म विचारला नाही की पारपत्र तपासले नाही. १९४८ साली वळिवड्याची छावणी रिकामी होत होती आणि त्याच साली भूम-परांड्याकडे मुसलमान रयत मारली जात होती. एकच महाराष्ट्रीय माती या दोन्हींची साक्षीदार आहे. पहिली कथा अभिमानाने सांगावयाची आणि दुसरी पुसून टाकावयाची, हा प्रामाणिकपणा नव्हे.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे निःसंदिग्ध आहे. संपूर्ण शहरांचा त्यांतील रहिवाशांसह विनाश करणारे युद्धकृत्य हा देवाविरुद्ध आणि मानवाविरुद्ध अपराध होय, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली घोषित केले. आपण दरवर्षी २८ डिसेंबरला बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा सण पाळतो. हेरोदाच्या शिपायांनी मारलेली ती बाळे ख्रिस्ती नव्हती. तरीही ख्रिस्तसभेने त्यांना संतांच्या मालिकेत बसविले. मेलेल्याचा धर्म कोणता हे विचारून शोक करावयाचा नसतो, याहून स्पष्ट शिकवण ती कोणती असावी?

आमच्या मागण्या

तेव्हा आम्ही स्पष्ट मागणी करतो. भारताने १९७७ चे दोन्ही पूरक करार स्वीकारावेत. १९६० च्या कायद्याचे सतरावे कलम बदलून पीडितांना थेट फिर्याद करण्याचा हक्क द्यावा. वंशसंहार आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे न्याय संहितेत समाविष्ट करावेत. सुंदरलाल मंडळाचा अहवाल मराठीत अधिकृतरीत्या प्रकाशित व्हावा, आणि १७ सप्टेंबरच्या सरकारी समारंभात रझाकारांच्या बळींबरोबर त्यानंतर मारल्या गेलेल्या मुसलमान रयतेलाही मूक श्रद्धांजली वाहावी. दोघांच्याही नावे एकच क्षण. तो वाटून घेण्याचे कारण नाही.

आणि धर्मग्रामातील कुटुंबांकडे आमची एक मागणी आहे, तिला सरकारच्या सहीची गरज नाही. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते, ते आज नव्वदीकडे झुकले आहेत. जामखेड, खर्डा, आष्टी, पाटोदा, भूम, परांडा या टापूत ज्यांचे वाडवडील राहिले, त्यांनी या वृद्धांजवळ बसावे. त्या पावसाळ्यात सीमेपलीकडून कोण आले, कोणाला कोठे लपविले, कोण परत आले नाही, कोणाची विहीर बुजविण्यात आली, हे विचारून लिहून ठेवावे. नावासह, गावासह, शक्य तर तारखेसह. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद करू नये. पुढची पिढी जेव्हा युद्धात सापडलेल्या रयतेसाठी न्याय मागू लागेल, तेव्हा तिच्यापाशी निदान मृतांची यादी असली पाहिजे. खर्ड्याच्या लढाईत उद्ध्वस्त झालेल्या कुणब्याचे नाव आपल्यापाशी नाही. १९४८ च्या बाबतीत ते अजून मिळू शकते. पण फार थोडी वर्षे उरली आहेत.